दिल्लीचे शिक्कामोर्तब

पावसाळा सरता सरता दादरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले. अक्षर वळणदार, मजकूर मात्र काळजीचा. त्यांच्या थोरल्या मुलीला चित्रकला शिकायची आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. आजोबा म्हणतात, शिकू द्या पोरीला. वडील म्हणतात, आधी एखादी पदवी पदरात पाडून घे, मग हवे तेवढे रंग उधळ. अशातच मुलीच्या चित्रकलेच्या बाई घरी आल्या आणि बोलून गेल्या की, हिला एक दिवस दिल्लीच्या ललित कला अकादमीचे पारितोषिक मिळेल. वडिलांनी लगेच विचारले, ही अकादमी कोणाची? ती देते म्हणजे नेमके काय देते? आणि ते मिळाले की पुढे काय? बाई निरुत्तर झाल्या, आणि ते तिन्ही प्रश्न पाकिटात घालून माझ्याकडे रवाना झाले आहेत. दिवाळी अंकात एरवीपेक्षा जागा ऐसपैस मिळते, तेव्हा त्यांचा समाचार येथेच घेतो.

आता गंमत पाहा. साहित्य अकादमीचे नाव आपल्या घरात नवे नाही. एखाद्या मराठी पुस्तकाला तिचे बक्षीस मिळाले की लेखकाचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते, ग्रंथालयात त्या पुस्तकाला नंबर लागतात. संगीत नाटक अकादमीने गवयाला गौरवले की गावोगावी सत्कार होतात. ललित कला ही तिसरी बहीण. हिने कोणाला गौरवले हे शेजारच्या बिऱ्हाडालासुद्धा कळत नाही. पुस्तक दोनशे रुपयांत घरी येते, गाणे फुकट कानावर पडते. चित्र मात्र एकच असते, आणि ते कोठेतरी दुसऱ्याच्या भिंतीवर असते. त्यामुळे या बहिणीच्या वाट्याला बोलबाला कमी आणि भांडणे अधिक आली, असा आपला माझा एक तर्क आहे.

तिघींचे बारसे मात्र एकाच पाळण्यात झाले. १९४५ साली, म्हणजे इंग्रज अजून येथे असतानाच, बंगालच्या एशियाटिक सोसायटीने सरकारपुढे एक योजना ठेवली होती: राष्ट्रीय सांस्कृतिक विश्वस्त मंडळ स्थापावे आणि त्याखाली तीन अकादमी असाव्यात. एक साहित्याची, एक नृत्य-नाट्य-संगीताची आणि एक कला व वास्तुशिल्पाची. स्वातंत्र्यानंतर ती कल्पना पुन्हा वर आली. १९४९ साली कलकत्त्याला कलेविषयी परिषद भरली, १९५१ साली दिल्लीत आणखी दोन भरल्या, आणि अखेर शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या कारकिर्दीत तिन्ही संस्था उभ्या राहिल्या. संगीत नाटक अकादमी जानेवारी १९५३ मध्ये, साहित्य अकादमी मार्च १९५४ मध्ये आणि सर्वांत धाकटी ललित कला ५ ऑगस्ट १९५४ रोजी. त्याच वर्षाच्या मार्चात दिल्लीच्या जयपूर हाउसमध्ये आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालयही उघडले होते. देश गरीब, धान्याची टंचाई, निर्वासितांच्या छावण्या अजून उठलेल्या नाहीत, आणि सरकार चित्रांसाठी घर शोधते आहे! आज कोणी याला चैन म्हणेल. मला त्या माणसांच्या हिमतीचे कौतुक वाटते.

मुंबईकरांना मात्र यात नवे काही वाटण्याचे कारण नव्हते. प्रदर्शन, परीक्षक, पदक आणि त्यावरून रुसवेफुगवे हा सगळा संसार आपल्याकडे बॉम्बे आर्ट सोसायटीने १८८८ पासून मांडलेला होता. जे. जे. कलाशाळा तर त्याच्याही आधीची, १८५७ ची. सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले की चित्रकाराचे नाव झाले, असा तो काळ. अमृता शेरगिलचेच उदाहरण घ्या. १९३५ साली सिमल्याच्या कलासंस्थेने तिची काही चित्रे नाकारली आणि एकाला बक्षीस दिले. या मानी बाईने बक्षीस परत पाठवून दिले. दोन वर्षांनी, १९३७ मध्ये, आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने तिच्या 'तीन मुली' या चित्राला सुवर्णपदक दिले. ते तिने ठेवून घेतले. पदक कोण देतो यावर त्याची किंमत असते, हे तिला पक्के ठाऊक होते. परीक्षकांवरचा राग तसा जुनाच. पॅरिसमध्ये १८६३ साली नाकारलेल्या चित्रांचेच वेगळे प्रदर्शन भरवावे लागले होते, इतका तेथे आरडाओरडा झाला.

अकादमीचे पहिले अध्यक्ष झाले देवीप्रसाद रायचौधुरी. मूळचे बंगाली, अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य, पण आयुष्याची उमेद मद्रासच्या कलाशाळेच्या प्राचार्यपदावर खर्ची घातलेली. चित्रकार आणि शिल्पकार तर होतेच, शिवाय कुस्ती खेळत, शिकारीला जात, बासरी वाजवत आणि बंगालीत कथाही लिहीत. असा माणूस सरकारी खुर्चीत कसा बसला असेल याचे मला राहून राहून नवल वाटते. त्यांचे नाव तुम्ही ऐकले नसेल, पण त्यांचे काम तुमच्या खिशात होते. पाचशेच्या जुन्या नोटेच्या मागच्या बाजूला दांडीयात्रेचे शिल्प होते ना, पुढे काठी टेकीत गांधीजी आणि मागे दहा माणसे? दिल्लीत उभे असलेले ते शिल्प रायचौधुरींचे. २०१६ च्या नोव्हेंबरात त्या नोटा बंद झाल्या. आपण सगळ्यांनी त्या रांगेत उभे राहून बँकेत भरल्या, आणि आपण एक शिल्प परत करतो आहोत हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर भला मोठा धोंडा रेटणारे चार श्रमिक आहेत, तेही त्यांचेच.

पहिले राष्ट्रीय प्रदर्शन भरले १९५५ साली. त्यात ज्यांचा गौरव झाला त्यांतली दोन नावे आपल्याला जवळची आहेत. एक मकबूल फिदा हुसेन, चित्र 'जमीन'. दुसरे नारायण श्रीधर बेंद्रे, चित्र 'काटा'. हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बेंद्रे इंदूरचे, घरची भाषा मराठी. आणि मौज अशी की, हुसेनही लहानपणीच इंदूरला गेलेले. दोघांनीही धडे गिरवले ते दत्तात्रय दामोदर देवळालीकर या एकाच मास्तरांच्या इंदूरच्या कलाशाळेत. देशाच्या पहिल्या कलाप्रदर्शनात मानकरी ठरलेल्यांपैकी दोघे एका मराठी मास्तरांच्या हाताखालून गेलेले असावेत, आणि त्या मास्तरांचे नाव आपल्या मुलांच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळू नये!

'जमीन' हे चित्र मी जयपूर हाउसमध्ये पाहिले आहे. उंची जेमतेम तीन फूट, लांबी मात्र अठरा फूट. एका नजरेत ते मावतच नाही. चालत चालत पाहावे लागते. खेड्यातली माणसे, जनावरे, रोजची कामे चौकोनाचौकोनांतून मांडलेली आहेत, एखाद्या लांबलचक पटासारखी. ज्या माणसाने मुंबईत सिनेमाची पाटीचित्रे रंगवून पोट भरले त्याचा हात मोठ्या लांबीला बिचकत नाही, हे तेथे उभे राहिले की कळते. हुसेन यांना चाळिशीत हे पारितोषिक मिळाले. पुढे पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, त्यांच्यावरच्या खटल्यांमुळे आणि धमक्यांमुळे त्यांना देश सोडावा लागला, २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनला ते वारले. त्यांच्या चित्रांविषयी मते निरनिराळी असू शकतील, माझ्या घरातही आहेत. पण 'जमीन' नावाचे चित्र काढून राष्ट्राचे पहिले पारितोषिक मिळवणाऱ्याला शेवटची जमीन परक्या मुलुखात मिळावी, याची हळहळ मला वाटते.

असो. वडिलांचा दुसरा प्रश्न: देतात म्हणजे काय देतात?

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे. राष्ट्रीय पारितोषिक हे माणसाला नसते, त्या वर्षीच्या प्रदर्शनात मांडलेल्या कृतीला असते. चित्र, शिल्प, मुद्राचित्र, जे असेल ते. आणि ते घरबसल्या चालून येत नाही. चित्रकाराने स्वतः अर्ज भरायचा, आपली कृती पाठवायची आणि निवड होईल की नाही याची वाट पाहायची. अलीकडच्या काळात आधी छायाचित्रावरून चाळणी लागते आणि त्यातून उरलेल्यांच्या मूळ कृती मागवतात. निवडसमिती आधी कोणती कामे प्रदर्शनात घ्यायची ते ठरवते, त्यातून मग मोजक्यांना पारितोषिक. रोख रक्कम आणि मानचिन्ह मिळते. रक्कम वेळोवेळी वाढत गेली, पण त्यावर मुंबईत कोणाचे घर झाल्याचे मी ऐकलेले नाही.

माणसाला मिळतो तो मान निराळा. त्याला फेलो म्हणत, पुढे 'रत्न सदस्य' म्हणू लागले. तो मागून मिळत नाही. आयुष्यभराच्या कामाबद्दल अकादमीच निवड करते. पहिले फेलो झाले जामिनी रॉय, १९५५ मध्ये. दुसरे नंदलाल बोस, १९५६ मध्ये. दोन्ही बंगालची माणसे, दोघांनीही विलायती तैलरंगांची वाट सोडून मातीची वाट धरलेली. जामिनीबाबूंनी तर कालीघाटच्या पटुआंची रेघ उचलली आणि रंगही घरी करता येतील असे साधे वापरले. देशाची अकादमी पहिला मुजरा कोणाला करते यावरून तिच्या मनात काय होते ते कळते. त्या एका गोष्टीसाठी मी तिला पुष्कळ काही माफ करायला तयार आहे.

'काम पाठवायचे' हे लिहायला सोपे. आमच्या वाडीत पूर्वी एक ड्रॉइंग मास्तर राहत. नगरपालिकेच्या शाळेत नोकरी, दोन खोल्या, चार मुले. दरवर्षी उन्हाळ्याच्या सुटीत ते एक मोठे चित्र करीत आणि दूरच्या एका प्रदर्शनाला पाठवीत. कोणत्या ते सांगत नाही. चित्र काढणे हा त्यातला सोपा भाग. मग सुतार यायचा, देवदारी फळ्यांचे खोके व्हायचे, आत पेंढा, बाहेर किंतान, वर मास्तरांच्या सुंदर अक्षरात पत्ता. खोके जिन्यावरून खाली न्यायला आम्ही पोरे. रेल्वे पार्सलचे पैसे, प्रवेशशुल्क, परतीचे भाडे हे सारे महिन्याच्या वाणसामानातून निघायचे. मास्तरांची बायको एक अक्षर बोलत नसे. फक्त त्या महिन्यात तूर डाळीचे वरण पातळ व्हायचे, आणि ते आम्हां शेजाऱ्यांनाही कळायचे. दोन-अडीच महिन्यांनी खोके परत यायचे. खोके आले म्हणजे निकाल कळला. पत्र फोडायची गरज नसे. मास्तर फळ्या खिळ्यांसकट नीट काढून माळ्यावर ठेवीत, पुढच्या वर्षीसाठी. असे अकरा वर्षे चालले. बाराव्या वर्षी चित्र प्रदर्शनात लागले. बक्षीस नाही, नुसते लागले. छापील यादीत मास्तरांचे नाव होते. ती यादी त्यांच्या बायकोने देव्हाऱ्याच्या फळीखाली ठेवली होती, आणि हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला ती दाखवली जाई.

हे सांगण्याचे कारण असे की, दिल्लीत एक समिती टेबलाभोवती बसून 'हे घ्या, ते नको' म्हणते तेव्हा असल्या किती घरांतले वरण पातळ झालेले असते, त्याचा हिशोब कोणत्याही अहवालात येत नाही. परीक्षकांना दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. शेकडो चित्रांतून मूठभर निवडायची म्हणजे उरलेल्यांची खोकी परत जाणारच. पण म्हणूनच परीक्षक कोण, ते कोणी नेमले आणि कशावरून, हा प्रश्न चित्रकार मंडळी एवढ्या पोटतिडकीने विचारतात.

आणि त्यांनी तो विचारला. त्याची कथा रवींद्र भवनापासून सुरू करावी लागेल. १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दीचे वर्ष. तिन्ही अकादमींना एकत्र घर म्हणून फिरोजशहा रस्त्यावर ही वास्तू झाली. वास्तुविशारद हबीब रहमान. त्यांचा पहिला आराखडा पंडित नेहरूंना पसंत पडला नाही. ठाकुरांच्या नावाला शोभेल असे त्यात काही नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. रहमान यांनी दुसरा केला. दिल्लीच्या उन्हाला अडवणारी मोठी छज्जी, जाळ्या, आणि चित्रांसाठी वेगळे दालन. मंडी हाउसच्या चौकात गेलात तर जरूर पाहा. सरकारी इमारत असूनही तिथे पाय रेंगाळतो.

याच दालनात १९६३ च्या ऑक्टोबरात बारा तरुण चित्रकारांनी एक प्रदर्शन मांडले. त्यांच्या गटाचे नाव 'ग्रुप १८९०'. आकडा ऐकून वाटते काही ऐतिहासिक साल असावे; तसे काही नाही, भावनगरच्या ज्या घरात त्यांची बैठक झाली त्या घराचा तो नंबर! उद्घाटनाला स्वतः नेहरू आले. सूचिपत्रात प्रस्तावना लिहिली ऑक्टाव्हिओ पाझ या मेक्सिकोच्या कवीने, जो त्या वेळी त्या देशाचा येथला राजदूत होता. बारांत एक आपले अकोल्याचे अंबादास. ते पुढे नॉर्वेत जाऊन स्थायिक झाले. गटाचा पुढारी जे. स्वामिनाथन. हे नाव लक्षात ठेवा.

१९६५ ते १९७० या काळात अकादमीचे अध्यक्ष होते मुल्कराज आनंद. इंग्रजीतले कादंबरीकार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण मुंबईत 'मार्ग' हे कलेचे त्रैमासिक १९४६ मध्ये सुरू करणारेही तेच. त्यांच्या मनाने घेतले की, दर तीन वर्षांनी जगभरची कला दिल्लीत आणायची. १९६८ च्या फेब्रुवारीत पहिले 'त्रैवार्षिक' भरले. त्यात आपल्या मुंबईच्या तैयब मेहता यांना सुवर्णपदक मिळाले. कल्पना भव्य होती यात शंका नाही. चित्रकारांपैकी अनेकांचे म्हणणे असे पडले की, पाहुण्यांसाठी मांडव घातला पण घरच्या मुलांना जेवायला बसवायची पद्धत जुनीच राहिली. अकादमीच्या सभेवर कोण असावे, राज्यांकडून येणारी माणसे कोण, परीक्षक कसे नेमले जातात, यांवरून खदखद वाढत गेली, आणि १९७१ च्या दुसऱ्या त्रैवार्षिकावर स्वामिनाथन, विवान सुंदरम आणि त्यांच्या सोबत्यांनी बहिष्कार पुकारला. ज्या दालनात आठ वर्षांपूर्वी पंतप्रधानांनी ज्यांचे कौतुक केले, तेच आता त्या संस्थेच्या विरोधात उभे होते. मला यात कृतघ्नता दिसत नाही. संस्था आपली वाटते म्हणूनच माणूस तिच्याशी भांडतो. परक्याच्या अंगणात कोण झाडू घेऊन जातो?

सरकारने तोवर न्यायमूर्ती गोपालदास खोसला यांची समिती नेमली होती. तिन्ही अकादमींची पाहणी करून तिने १९७२ मध्ये अहवाल दिला. पुढे अकादमीची घटना बदलली आणि चित्रकार-शिल्पकारांना आपले प्रतिनिधी मतदानाने निवडण्याचा हक्क मिळाला. झाले, लोकशाही आली! पण लोकशाही आली म्हणजे मतदारयादी आली, आणि मतदारयादी आली म्हणजे 'कलावंत कोणाला म्हणावे' हा प्रश्न आला. सोसायटीच्या निवडणुकीत सभासद कोण आणि भाडेकरू कोण यावर आपली केवढी रणे माजतात ते आठवा. तसेच तेथे झाले. १९९० मध्ये पी. एन. हक्सर यांच्या समितीचा अहवाल आला, तोही तिन्ही अकादमींवर. १९९७ मध्ये सरकारने ललित कला अकादमीचा कारभार काही काळ स्वतःच्या हाती घेतला, २०१५ मध्ये पुन्हा तसेच घडले. मधल्या काळात कवी अशोक वाजपेयी अध्यक्ष होते. आता यात सरकार चुकले की चित्रकार, याचा निवाडा मी देणार नाही. माझे मत विचाराल तर दोघांचीही गाठ मूळ व्यवस्थेत आहे: पैसे सरकारचे, नाव स्वायत्ततेचे. सासऱ्याच्या घरात राहून स्वतंत्र संसार थाटण्यासारखे ते आहे. चालतो, पण दर महिन्याला बोलणी होतात.

मुंबईकर म्हणून माझी एक तक्रार आहे, ती मात्र मांडतो. अकादमीने दिल्लीबाहेर शाखा काढल्या त्या मद्रास, लखनौ, कलकत्ता आणि भुवनेश्वर येथे. दिल्लीत गढी गावच्या जुन्या वास्तूत चित्रकारांना काम करायला स्टुडिओ दिले, ती तर फार चांगली गोष्ट झाली. त्यामागे भवेश सन्याल होते, ज्यांनी १९६० ते १९६९ अकादमीचे सचिवपद सांभाळले आणि शंभरी ओलांडून २००३ मध्ये देह ठेवला. पण जे. जे. ज्या शहरात, बॉम्बे आर्ट सोसायटी ज्या शहरात, सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांनी १९४७ मध्ये ज्या शहरात प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, त्या शहराचे नाव या पहिल्या यादीत नाही! मुंबईला जहांगीर आर्ट गॅलरी मिळाली ती १९५२ मध्ये, एका दानशूर पारशी घराण्याकडून. आपल्याला शेठजी पुरतात, सरकारची गरज नाही, असा कोणाचा समज झाला असावा. चित्र टांगायला जागा मिळते हो. पण खोलीभर चित्र काढायला या शहरात जागा कोठून आणायची?

दुसरी एक गोष्ट मनाला लागते. डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय सन्मान मिळाला, तो आदिवासी कलेसाठी. म्हणजे कारागिरांच्या दारातून. ज्या अकादमीने पहिला मान पटुआंची रेघ उचलणाऱ्या जामिनीबाबूंना दिला, तिच्या प्रदर्शनाच्या दारात प्रत्यक्ष पटुआ किंवा वारली कितीदा उभा राहिला? शहरातला शिकलेला माणूस ती रेघ काढतो तेव्हा ती ललित कला, आणि ज्याच्या आजीने ती भिंतीवर काढली तो काढतो तेव्हा हस्तकला, ही वाटणी मला अजून पटलेली नाही. म्हसे यांना पुढे २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या पांढऱ्या रेषा तोवर देशोदेशी जाऊन आल्या होत्या.

राहिला तिसरा प्रश्न, पुढे काय? म्हणजे खरे तर पोटाचे काय.

कृष्ण खन्ना हे मुंबईत ग्रिंडलेज बँकेत चांगल्या हुद्द्यावर होते. बायको, मुले, बँकेची नोकरी; आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरात असते तसे सगळे. १९६१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पूर्ण वेळ चित्रकार झाले. अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक त्यांना १९६५ मध्ये मिळाले. क्रम नीट पाहा: आधी राजीनामा, मग चार वर्षे, मग पारितोषिक. पारितोषिकाच्या भरवशावर त्यांनी नोकरी सोडलेली नव्हती. रात्री बँकेतून आल्यावर चित्रे काढीत गेले, ती विकली जाऊ लागली, आणि हात स्थिर झाल्यावर उडी घेतली. दादरच्या गृहस्थांना हा हिशोब बहुधा पटेल.

ज्यांना उडी घ्यायची नाही त्यांच्यासाठीही वाट आहे, आणि ती माझ्या मते कमी मानाची नाही. प्रभाकर बरवे हे अलिबागजवळच्या नागावचे. जे. जे. तून बाहेर पडल्यावर त्यांनी सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी धरली. कापडासाठी नमुने करायचे काम. आधी काही वर्षे बनारसला, नंतर मुंबईत. त्या केंद्रांनी त्या पिढीतल्या कितीतरी चित्रकारांना महिन्याचा पगार दिला, याबद्दल खरे तर कोणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा. बरवे दिवसा साड्यांच्या काठांचे आणि पडद्यांचे विचार करीत आणि उरलेल्या वेळात घड्याळे, पाने, पेर, शिंपले, ढग यांना कॅनव्हासवर अशा काही अंतराने मांडून ठेवीत की, त्या वस्तू एकमेकींशी बोलत नाहीत आणि तरी एका घरात राहतात असे वाटावे. १९७६ मध्ये त्यांच्या 'ब्लू क्लाउड' या चित्राला अकादमीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तेव्हा ते चाळीस वर्षांचे होते आणि नोकरीतच होते. चित्र काढताना मनात काय चालते ते त्यांनी स्वतःच्या भाषेत, म्हणजे आपल्या मराठीत, लिहून ठेवले. 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक १९९० मध्ये निघाले. १९९५ मध्ये, साठी गाठण्याआधीच, ते गेले. पुस्तक चांगल्या ग्रंथालयात मिळते. पत्र पाठवणाऱ्या बाईंनी ते आणावे, आणि मुलीच्या आधी तिच्या वडिलांना वाचायला द्यावे.